गोष्टीतला लहान मुलगा उदास असतो, तेव्हा त्याला नेमकं काय दुखत असतं?

पानगळ

परवा रात्री मुलाला चेखवची ‘वांका’ वाचून दाखवली. तो नऊ वर्षांचा, गोष्टीतला वांकाही नऊ वर्षांचा, म्हणून मुद्दाम निवडली. शेवट मला माहीत होता, पण शेजारी एक नऊ वर्षांचा मुलगा पांघरुणात पाय दुमडून बसलेला असताना तो वाचणं किती अवघड जाईल, याचा अंदाज नव्हता.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. १८८६ सालची ही अगदी छोटी गोष्ट आहे. वांका झुकोव मॉस्कोत एका जोडे शिवणाऱ्याकडे काम शिकायला राहिलाय. येऊन तीन महिने झालेत. नाताळच्या आदल्या रात्री मालक मंडळी चर्चला गेल्यावर तो कपाटातून दौत आणि गंजक्या टोकाचा टाक काढतो, चुरगळलेला कागद बाकावर पसरतो आणि बाकापुढे गुडघे टेकून गावाकडच्या आजोबांना पत्र लिहायला लागतो. आई नाही, बाप नाही, आजोबाच काय ते उरलेत. बाळाला झोके देता देता डोळा लागला म्हणून मालकानं केस धरून अंगणात ओढत नेलं आणि पट्ट्यानं मारलं. मासा साफ करायला सांगितला तर त्यानं शेपटीकडून सुरुवात केली, म्हणून मालकिणीनं तोच मासा त्याच्या तोंडावर खुपसला. सकाळी पाव, दुपारी लापशी, रात्री परत पाव. आजोबा, मला इथून घेऊन जा. मग तो कागदाची घडी करून पाकिटात घालतो आणि वर पत्ता लिहितो: ‘खेड्यातल्या आजोबांना’. डोकं खाजवतो, विचार करतो आणि खाली आजोबांचं नाव लिहितो, कोन्स्तान्तीन माकारिच. कोट न चढवता नुसत्या सदऱ्यावर धावत जाऊन पत्र पेटीत टाकून येतो. तासाभरानं तो गाढ झोपलेला असतो, आणि स्वप्नात आजोबा भट्टीवर अनवाणी पाय सोडून पत्र वाचून दाखवत असतात.

वाचून झाल्यावर मुलगा काहीच बोलला नाही. मी दिवा मालवला. बऱ्याच वेळानं अंधारातून आवाज आला, “आई, त्या ताईनं त्याला शंभरपर्यंत मोजायला शिकवलं, नाचायला शिकवलं. मग पत्ता लिहायला का नाही शिकवलं?”

मला उत्तर देता आलं नाही. गोष्टीत ती ताई खरंच आहे, मालकांच्या वाड्यातली. रिकामपणी ती वांकाला लिहा-वाचायला आणि नाच शिकवते, त्याला गोड खायला देते. आई मरते तेव्हा वांकाची रवानगी आजोबांकडे स्वयंपाकघरात होते आणि तिथून मॉस्कोला. इतक्या वेळा ही गोष्ट वाचली, पण त्या ताईकडे मी ‘चला, निदान कुणीतरी मायेचं होतं’ एवढ्याच नजरेनं बघत आले.

तेव्हापासून एकच विचार डोक्यात आहे. वांकाचं दुःख काय? मार आहे, भूक आहे, पोरकेपण आहे. पण मासा तोंडावर बसला, तो बसला आणि गेला. माझ्या मुलाला जे बोचलं ते वेगळंच होतं: त्याला सांगायचं होतं, त्यानं सांगितलं, नीट सांगितलं, आणि ते पोचणारच नाही. मला आता असं वाटायला लागलंय की अभिजात कथा-कादंबऱ्यांमधल्या मुलांच्या उदासीचं मूळ बहुतेक वेळा घटनेत नसतंच. घटना सांगायला जागा नसते, तिथं ते असतं.

हे सगळीकडे लागू पडतं का? तुम्हाला आठवणारी मुलं सांगा. नुसती नावं नकोत, नेमकं काय दुखतंय ते लिहा.

जुनी वही

फटिक. रवींद्रनाथांच्या ‘छुट्टी’मधला. १८९२ची कथा.

फटिक म्हणजे गावातल्या पोरांचा म्होरक्या. मामा कलकत्त्याला न्यायला येतो तेव्हा हा इतका हरखतो की मासे धरायचा गळ, पतंग, फिरकी सगळं धाकट्या भावाला देऊन टाकतो. कलकत्त्यात मामीला तो नको असतो, तिची स्वतःची तीन मुलं आहेत. आणि इथं रवींद्रनाथ थांबून तेरा-चौदा वर्षांच्या मुलाबद्दल काही ओळी लिहितात, त्या मला जगातल्या कुठल्याही बालमानसशास्त्राच्या पुस्तकापेक्षा खऱ्या वाटतात. आशय असा: या वयाच्या मुलाला ना रूप असतं, ना तो कामाचा असतो. लहानासारखं बोलला तर लाडात आलाय म्हणतात, मोठ्यासारखं बोलला तर आगाऊपणा. आवाज फुटतो, हातपाय एकाएकी वाढतात आणि तोही जणू त्याचाच गुन्हा. मालक नसलेल्या रस्त्यावरच्या कुत्र्यासारखी त्याची दशा होते. याच वयात माया सगळ्यात जास्त हवी असते आणि ती मागायची लाज वाटायलाही याच वयात सुरुवात होते.

पानगळ, तुमच्या म्हणण्याला हे धरूनच आहे, पण एक फरक दिसतो. वांकाला सांगता येतं, ऐकणारा लांब आहे. फटिकला सांगताच येत नाही. त्याला घर हवंय, आई हवीये, पण तोंडातून निघतं एवढंच: “मामा, आईकडे कधी जायचं?” मामा म्हणतो, सुट्टी लागू दे. शाळेचं पुस्तक हरवतं, मामी बोलते, अंगात ताप भरतो, आणि या घरात आजारी पडणं म्हणजे मामीला आणखी त्रास, या धास्तीनं तो पावसात एकटाच निघून जातो. पोलीस त्याला भिजलेल्या, थरथरत्या अवस्थेत परत आणतात. शेवटी आई येते तेव्हा तापात बरळत तो तिला सांगतो की आता मला सुट्टी लागली.

आजारी पडलो तर लोकांना त्रास होईल, ही भीती. तेरा वर्षांच्या मुलाला. मला तरी यापुढे वाचवत नाही.

रानवाट

धागा आवडला, पण मी थोडा वेगळा सूर लावतो. घटना महत्त्वाची नसते हे मला पटत नाही. आई मरणं ही घटना आहे आणि ती महत्त्वाचीच आहे. फक्त चांगला लेखक त्या घटनेत मुलाला जसं असतं तसं बघतो, आपण समजतो तसं नाही.

डिकन्सचं ‘डेव्हिड कॉपरफील्ड’ घ्या (१८४९-५०). आईनं दुसरं लग्न केलं, सावत्र बाप मारकुटा, डेव्हिड त्याच्या हाताला चावला म्हणून त्याची शाळेत रवानगी झाली. तिथं त्याच्या पाठीवर पाटी लटकावतात: याच्यापासून सांभाळा, हा चावतो. मुलं हसतील म्हणून नव्हे, तर मागे कुणी ती वाचतंय की काय या विचारानं तो सतत पाठ भिंतीकडे करून उभा राहतो. आपल्याला आपल्या पाठीवर लिहिलेलं वाचता येत नाही, इतरांना येतं. लहानपणीच्या लाजेचं याहून नेमकं चित्र मी वाचलेलं नाही.

पण मला सांगायचं होतं ते पुढचं. वाढदिवसाच्या दिवशीच त्याला आई गेल्याचं कळतं. तो ढसाढसा रडतो. आणि त्याच दुपारी, बाकीची मुलं वर्गात असताना, मैदानात एकटा फिरताना त्याला जाणवतं की मुलं खिडकीतून आपल्याकडे बघतायत, आपल्याला एक मोठेपण आलंय. तो चेहरा आणखी दुःखी करतो, आणखी सावकाश चालतो. रडणंही खरं आणि हेही खरं.

टॉलस्टॉयच्या ‘बालपण’मध्ये (१८५२) निकोलेन्का आईच्या शवपेटीजवळ उभा असतो आणि त्याला स्वतःचीच घृणा वाटते, कारण मन फक्त दुःखानं भरलेलं नाही. आपण सगळ्यांपेक्षा जास्त दुःखी दिसावं असंही त्याला वाटतंय, इतरांवर काय परिणाम होतोय तेही दिसतंय. मला वाटतं मुलाच्या उदासीचं हे एक फार खोलवरचं कारण आहे: आपलं दुःख पुरेसं शुद्ध नाही अशी शंका. मोठ्यांना माहीत असतं की मन असंच असतं. मुलाला वाटतं आपण एकटेच वाईट.

पानगळ

रानवाट, तुमचा मुद्दा मान्य. शवपेटीजवळची ती जागा मी विसरले होते. पण बघा ना, हेही न सांगण्यासारखंच आहे. निकोलेन्का हे कुणाला सांगणार? ‘आई गेली आणि मला लोक बघतायत याचं बरं वाटलं’ हे वाक्य कुठलं मूल उच्चारेल?

रानवाट

नाही उच्चारणार. म्हणून तर पुस्तक लिहावं लागलं. एक गोष्ट मला कायम थक्क करते. टॉलस्टॉयचा जन्म १८२८चा आणि त्याची आई गेली १८३० साली. म्हणजे आईचा चेहरा त्याला आठवणं शक्य नव्हतं. त्या शवपेटीपाशी तो कधी उभाच नव्हता, ते दुःख सगळं कल्पनेतलं आहे. तरी ती घृणा इतकी खरी कशी? कुठल्या दुसऱ्या प्रसंगातून त्यानं ती आणली असेल?

अक्षरओळ

पिपचं नाव अजून कुणी घेतलं नाही. डिकन्सचीच ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’, १८६०-६१. मला वाटतं उदासीचं सर्वात साधं आणि सर्वात क्रूर कारण तिथं आहे.

पिप गरीबच असतो. बहीण त्याला मारते, बोलते, पण ‘जो’ नावाचा तिचा नवरा, म्हणजे पिपचा भावजी, लोहार असला तरी जीव लावणारा. पिपला ते आयुष्य वाईट वाटत नसतं. मग त्याला एका श्रीमंत बाईच्या घरी खेळायला बोलावतात आणि तिथं एस्टेला नावाची मुलगी पत्ते खेळता खेळता म्हणते की हा मुलगा गुलामाला भलत्याच नावानं हाक मारतो, याचे हात किती खरबरीत आहेत, बूट किती जाड. बस्स, एवढंच. पिप आपल्या हातांकडे बघतो. ते हात सकाळीही तसेच होते. पण सकाळी त्याला ते दिसले नव्हते.

मग ती त्याला अंगणात खायला ठेवून जाते, कुत्र्याला ठेवावं तसं जमिनीवर. ती गेल्यावर तो दारामागे लपून भिंतीवर लाथा मारत, स्वतःचे केस ओढत रडतो. माझा मुद्दा त्यानंतरचा आहे. त्या दिवसानंतर त्याला जोची लाज वाटायला लागते. ज्या एका माणसाला तो सगळं सांगू शकत होता, त्याच माणसाची. घरी आल्यावर पिप त्या घराबद्दल वाट्टेल त्या थापा मारतो, आणि रात्री जोजवळ कबूल करतो की सगळं खोटं होतं. मी गावंढळ आहे म्हणून मला वाईट वाटतं, एवढंही सांगतो. जो ऐकतो, समजावतो, त्याच्या परीनं छान समजावतो. तरी पिपचं दुःख जात नाही. म्हणजे पानगळ, इथं ऐकणारा समोर होता, प्रेमळ होता, आणि तरी उपयोग झाला नाही. कारण आता दुःख जोबद्दलच होतं.

सांजउन्हं

अक्षरओळ, भिंतीवर लाथा मारत रडणं ही तुम्ही सांगितलेली गोष्ट मला महत्त्वाची वाटते. पिप आधी आडोसा शोधतो, मग रडतो. फटिक तर कुणाला न सांगता घरातून निघून जातो. मुलग्यानं रडायचं नसतं हे त्यांना कुणी शिकवलेलं दिसत नाही, पण त्यांना ते ठाऊक आहे. या धाग्यात आलेली मुलं चावतायत, थापा मारतायत, पुस्तकं हरवतायत, पळून जातायत. मोठ्यांना फक्त तेवढंच दिसतं आणि त्याचीच शिक्षा होते. शिक्षा झाली की उदासी आणखी एक थर खाली जाते.

मी बरीच वर्षं शाळेत शिकवते. एवढंच लिहिते की वर्गात ‘त्रासदायक’ म्हणून ज्याचं नाव माझ्या कानावर आधीच आलेलं असतं, त्या मुलाला मी आता पहिल्या आठवड्यात काहीच विचारत नाही. नुसती त्याच्या बाकाजवळून जाताना वहीवर हात ठेवते.

तिसरा प्रहर

सांजउन्हं, चावणाऱ्या मुलांवरून इल्यूशा आठवला. दस्तयेवस्कीच्या ‘ब्रदर्स करामाझोव’मधला (१८७९-८०). या विषयावर एकच मुलगा निवडायचा झाला तर मी हाच निवडेन, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इल्यूशाचे वडील निवृत्त कॅप्टन, गरीब, दारू पिणारे, लोकांच्या हसण्याचा विषय. एक दिवस दिमित्री करामाझोव त्यांना खानावळीतून दाढी धरून भर रस्त्यात ओढत आणतो. नेमकी तेव्हाच शाळा सुटलेली असते. इल्यूशा ते बघतो. धावत जातो, वडिलांना बिलगतो, आणि त्या माणसाच्या हाताचं चुंबन घेऊन विनवतो की माझ्या बाबांना माफ करा, सोडा त्यांना. नऊ वर्षांचा मुलगा. वडिलांना ओढणाऱ्या हाताचंच चुंबन.

दुसऱ्या दिवशी शाळेत मुलं त्याच्या वडिलांच्या दाढीवरून चिडवायला लागतात. तो एकटा सगळ्या वर्गाशी दगडांनी लढतो. दिमित्रीचा भाऊ अल्योशा त्याची समजूत काढायला जातो तर हा त्याचं बोट हाडापर्यंत चावतो. आपल्याला वाटतं, हे वडिलांच्या अपमानाचं दुःख आहे. आहेच.

पण त्याच्या आतमध्ये आणखी एक गोष्ट आहे आणि ती कुणालाच माहीत नाही. कुणीतरी त्याला एक खोडी शिकवलेली असते: पावाच्या मऊ भागात टाचणी खुपसायची आणि भुकेल्या कुत्र्यापुढे टाकायची. तो झुच्का नावाच्या कुत्रीला तसा तुकडा टाकतो. ती झडप घालून घेते, किंचाळते, गोल गोल फिरते आणि पळत सुटते. नंतर दिसत नाही. इल्यूशा आजारी पडतो, क्षयानं, आणि अंथरुणात वडिलांना रडत सांगतो की मी झुच्काला मारलं म्हणून देव मला शिक्षा करतोय.

डॉक्टरच्या लेखी त्याचा आजार छातीचा आहे. गावाच्या लेखी त्याचं दुःख बापाच्या अपमानाचं. त्याच्या स्वतःच्या लेखी मात्र या सगळ्याचं कारण एक पावाचा तुकडा आहे. मुलं जगाचा हिशेब असा मांडतात. वाईट घडलं म्हणजे मी काहीतरी केलं असणार.

कोल्या नावाच्या मोठ्या मुलाला ती कुत्री जिवंत सापडलेली असते, पण तो तिला घरी लपवून कसरती शिकवत बसतो, एकदम नेऊन चकित करू म्हणून. नेतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. दरम्यानचे सगळे दिवस इल्यूशानं ‘मी मारलं’ असं मानून काढलेले असतात. कोल्या वाईट नाही. पण मला त्याचा राग येतो, दर वेळी येतो.

इल्यूशानं सांगून ठेवलेलं असतं, माझ्या थडग्यावर पाव कुस्करून टाका, चिमण्या येतील, मला एकटं वाटणार नाही. पुन्हा पावाचा तुकडा. लेखकानं हे दोन तुकडे मुद्दाम जोडलेत की नाही यावर वाद होऊ शकेल, मला ते जोडलेलेच दिसतात. १८७८च्या मे महिन्यात दस्तयेवस्कीचा स्वतःचा लहान मुलगा वारला होता, तीन वर्षांचाही नव्हता. अल्योशाच त्याचं नाव. हे कळल्यावर कॅप्टन मुलाचे छोटे बूट छातीशी धरून ‘तुझे पाय कुठे आहेत रे’ म्हणून आक्रोश करतो ते पान मी पुन्हा उघडलेलं नाही.

जुनी वही

तिसरा प्रहर, ‘मी काहीतरी केलं असणार’ हे वाचून पोटात गोळा आला. याच्याबरोबर डिकन्सचं खरं बालपणही ठेवून बघा. १८२४ साल, वय बारा. वडील कर्जापायी मार्शल्सीच्या तुरुंगात, आणि हा बुटांच्या पॉलिशच्या कारखान्यात डब्यांना कागद चिकटवतोय. डेव्हिडला बाटल्यांच्या गोदामात धाडलं जातं ते इथून आलं. पण त्याला आयुष्यभर लागून राहिलं ते कारखान्यातलं काम नव्हे. वडील सुटल्यावरही त्याला परत त्या कामावर पाठवावं असं आईचं म्हणणं होतं. ते तो कधीच विसरू शकला नाही, असं त्यानं लिहून ठेवलं. हयातीत जवळच्या एका मित्राखेरीज त्यानं ही हकीकत जवळपास कुणालाच सांगितली नाही. त्या मित्रानं चरित्र लिहिलं, तेव्हा डिकन्सच्या मृत्यूनंतर ती जगाला कळली.

इतकी पानं लिहिणारा माणूस, आणि हे एक तोंडानं सांगता आलं नाही.

ओली माती

आपल्या श्यामला विसरू नका. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली ‘श्यामची आई’ अनेकांना नुसती रडवणारी वाटते, पण या धाग्याच्या नजरेनं पोहण्याचा प्रसंग वाचून बघा. श्याम पाण्याला भितो, लपून बसतो, आई त्याला शोधून काढते आणि मारत विहिरीवर धाडते. वळ उठतात. घरी आल्यावर तो रुसलेला असतो, आई मारते म्हणजे तिला मी नकोय असं त्याला वाटत असतं. आणि ती त्याच्याजवळ येते. तिचेही डोळे भरलेले असतात. माझ्या मुलाला कुणी भित्रा म्हटलेलं मला सोसायचं नाही, असं ती त्याला सांगते.

मारणं बरोबर होतं असं मी म्हणत नाही. पण मार पिपलाही बसतो, वांकालाही बसतो. श्यामला मार का बसला हे मारणाऱ्या माणसानंच जवळ बसून सांगितलं. तेवढ्यानं त्या प्रसंगाची उदासी होता होता राहिली. श्यामचं खरं दुःख पुढं येतं, आईच्या शेवटच्या घटकेला तो जवळ नसतो तेव्हा. ते समजावणारं कुणी उरलेलं नसतं.

सांजउन्हं

ओली माती, हे वाचून प्रेमचंदांचा ‘ईदगाह’मधला हमीद आठवला (तीही १९३३चीच कथा). चार-पाच वर्षांचा पोरका. आई-बाप दोघेही गेलेत, खिशात तीन पैसे, बरोबरची पोरं खेळणी आणि मिठाई घेतायत आणि त्याला चिडवतायत. उदास होण्याची सगळी सामग्री जमलेली आहे. आणि तो उदास नाही! अब्बाजान पैसे कमवायला गेलेत, अम्मी अल्लाच्या घरून छान छान वस्तू आणायला गेलीये, अशी त्याची पक्की समजूत आहे. आणि त्याला एक काम आहे: दादीची बोटं तव्यावर भाजतात, तिच्यासाठी चिमटा घ्यायचाय.

रडते ती दादी. तिथं सगळं उलटं होतं, मूल म्हाताऱ्याचं काम करतं आणि म्हातारी मूल होते.

अक्षरओळ

आणि याच्या बरोबर उलटं टोक म्हणजे लंपन. प्रकाश नारायण संतांचा ‘वनवास’. आजी-आजोबा जीव टाकणारे, मित्र आहेत, सुमी आहे, मार नाही, उपासमार नाही. तरी आई-बाबा आणि आपलं घर दुसरीकडे आहे, ही एक गोष्ट प्रत्येक पानामागून वाहत असते. वाचताना हसायला येतं आणि हसता हसता घशात काहीतरी अडकतं. याला ‘कारण’ म्हणायचं का? तक्रार करायला जागा नाही, म्हणून बोलता येत नाही. सगळे इतके चांगले वागतायत की उदास होणं हा कृतघ्नपणा वाटावा.

तिसरा प्रहर

लंपनवरून फ्रेंच कादंबरीकार प्रूस्त. त्याच्या ‘इन सर्च ऑफ लॉस्ट टाइम’च्या पहिल्या खंडाच्या (१९१३) सुरुवातीचा तो मुलगा, घरी पाहुणा आला की आई रात्रीचा मुका द्यायला वर येणार नाही म्हणून तळमळणारा. मोलकरणीबरोबर चिठ्ठी पाठवतो, खाली या, महत्त्वाचं आहे. निरोप येतो, उत्तर नाही. (वांकाच्या पत्राचा श्रीमंत घरातला भाऊ.) मग तो जिन्यात वाट बघत उभा राहतो. आता शिक्षा होणार हे पक्कं असतं आणि वडील अचानक म्हणतात, जा, आज रात्री त्याच्याच खोलीत झोप. आई रात्रभर त्याला पुस्तक वाचून दाखवते.

जे मागितलं त्याहून जास्त मिळालं. आणि तो हुंदके देऊन रडतो. कारण त्याला कळतं की आई हरली. आपण तिला हरवलं, तिच्या मनावर पहिली सुरकुती आपण पाडली. पुन्हा तेच, मी काहीतरी केलं.

पानगळ

दोन दिवस हे सगळं वाचतेय. माझं मूळ म्हणणं सरळ होतं, ते आता सरळ राहिलेलं नाही. पिपला ऐकणारा होता. प्रूस्तच्या मुलाजवळ तर आई रात्रभर होती. तरीही एक धागा मला अजून धरून ठेवावासा वाटतो. या प्रत्येक ठिकाणी मोठ्या माणसांना दुःख दिसतंय पण ते दुसऱ्याच जागी दिसतंय. मामीला हरवलेलं पुस्तक दिसतं, मास्तरांना चावा दिसतो, वांकाच्या त्या ताईला शिकायला उत्सुक असलेला गोड पोरगा दिसतो. तिनं वाईट काहीच केलं नाही. पत्ता मात्र राहून गेला.

काल रात्री मुलाला ‘ईदगाह’ वाचून दाखवली. चिमट्यापाशी तो खूप हसला. मग म्हणाला, “पण त्याला कधीतरी कळेलच ना, आई-बाबांचं.” आणि कूस बदलली.

काठावरचा

इतके दिवस नुसतं वाचत होतो, आता एक लिहितो. सगळ्यांनी न सांगता आलेल्या दुःखाबद्दल लिहिलंय. ‘पथेर पांचाली’तला (१९२९) अपू मुद्दाम सांगत नाही.

त्याच्या मोठ्या बहिणीवर, दुर्गावर, शेजारच्या श्रीमंत घरातली सोन्याची डबी चोरल्याचा आळ आलेला असतो. तिनं नाही म्हटलेलं, मार खाल्लेला. पुढे ती तापानं जाते. सगळं घर आवरून काशीला निघायची वेळ येते तेव्हा सामान काढताना अपूच्या हाताला ती डबी लागते, दीदीनं लपवून ठेवलेली. तो क्षणभर उभा राहतो. मग कुणी बघत नाहीसं पाहून घरामागच्या बांबूच्या बेटात ती भिरकावून देतो. आईला सांगत नाही, कुणालाच नाही. सत्यजित राय यांच्या १९५५च्या चित्रपटात डबीऐवजी माळ आहे आणि ती तळ्यात पडते. पाण्यावरचं शेवाळ बाजूला होतं, माळ बुडते, शेवाळ हळूहळू पुन्हा जुळून येतं.

आता दीदीचं हे त्याच्या एकट्याकडे आहे. वाटून घ्यायचं तर तिला पुन्हा चोर ठरवावं लागेल. पानगळ, इथं ऐकायला सख्खी आई शेजारच्या खोलीत आहे. तो हाक मारत नाही.

पानगळ

काठावरचा, डबी बेटात पडते ते पान मी आत्ता काढून वाचलं. तो ती फेकतो आणि लगेच बांधाबांधीच्या कामाला परत जातो. मी हे आजवर धावतं वाचत आले होते.